साखळीच्या शेवटी बसलेली मंदा

इंग्रजीत 'मी पण' म्हणणं मोठं कटकटीचं काम आहे.

आपल्याकडे कुणी म्हणालं, "मला चहा आवडतो," तर आपण म्हणतो, "मला पण." तो म्हणाला, "मी दमलो," तर "मी पण." तो म्हणाला, "मी काही येत नाही," तर "मी पण नाही." संपलं. आमच्या झाडीपट्टीत तर याहून सोपं. 'मी बी' आणि 'मी बी नाई'. एवढ्यावर माणसाचा जन्म निघून जातो.

इंग्रजाचं तसं नाही. समोरच्याला दुजोरा द्यायचा तर आधी त्याचं वाक्य नीट ऐकावं लागतं. मी मुलांना सांगायचो, प्रत्येक वाक्यात एक माल असतो आणि एक तो माल उचलणारा हमाल असतो. 'आय ॲम टायर्ड' यात दमणं हा माल, 'ॲम' हा हमाल. 'मी पण' म्हणायचं तर माल तिथंच ठेवायचा, फक्त हमाल घेऊन यायचा आणि त्याच्या पुढे 'सो' लावायचा. सो ॲम आय. 'आय कॅन स्विम'? सो कॅन आय. काही वाक्यांत हमाल लपून बसलेला असतो. 'आय लाइक टी' यात तो दिसतच नाही. तिथं 'डू' नावाच्या हमालाला हाक मारून बाहेर काढायचं. सो डू आय. वाक्य नकाराचं असेल तर 'सो' चालत नाही, 'नीदर' लागतं. नीदर डू आय. आणि समोरच्याशी आपलं जमतच नसेल, तर 'सो' नाही नि 'नीदर' नाही. तो म्हणाला, 'आय डोन्ट', तर आपण छाती काढून म्हणायचं, 'आय डू'. दोनच शब्द.

हा शेवटचा भाग मी शिकवायचो, पण घाईघाईत. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे.

मी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली अकरा वर्षं चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीकडून वैनगंगेच्या अंगाला गेलं की लागणाऱ्या एका गावात, कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराच्या शाळेत. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते न लिहिताही कळेल. अर्धं गाव धानाचं, अर्धं गाव ढिवरांचं. ढिवरांची पोटं नदीतल्या आणि गावाला लागून असलेल्या जुन्या तलावातल्या मासळीवर. सातवीपर्यंतच वर्ग होते. मुलं इंग्रजीला घाबरत नव्हती. तिचा आपल्याशी काही संबंध नाही असं ती धरून चालायची, आणि भीतीपेक्षा ते अवघड.

म्हणून मी 'साखळी' काढली. वर्ग भिंतीला धरून गोल बसायचा. पहिल्यानं स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं, दुसऱ्यानं त्याला दुजोरा जोडायचा, तिसऱ्यानं, चौथ्यानं, असं शेवटापर्यंत. नियम एकच, खोटं जोडायचं नाही. पटत नसेल तर तसं सांगायचं.

हा नियम कुणी पाळला नाही. प्रभाकर नावाचा एक गोलमटोल पोरगा होता. तो कशालाही जोडून मोकळा व्हायचा. एकदा एका मुलीनं वाक्य केलं, 'आय हॅव अ बफेलो.' प्रभाकर उठला, "सो डू आय."

मी म्हटलं, "अरे, तुमच्या घरी कुठे आहे म्हैस?"

"घरी नाई जी सर," तो म्हणाला. "इंग्रजीत हाये."

वर्ग हसला, मीही हसलो. पण तेव्हापासून मला एक नाद लागला. माणसं हो कशी म्हणतात, ते मी पाहत राहायचो. एसटीत, ग्रामसभेत, चामोर्शीच्या बाजारात. कुणी मान आधी हलवतो आणि ऐकतो नंतर. कुणी 'हो ना जी' म्हणतो आणि घरी जाऊन स्वतःच्या मनाचं करतो. सभेत पहिला कोण हो म्हणतो हे कळलं, की बाकीच्यांचं ऐकायची गरज उरत नाही. मला याची गंमत वाटायची. माझ्या वर्गातही तेच चाललेलं आहे, हे दिसायचं. पण साखळी छान वाजायची, म्हणून मी काही बोलत नसे.

या साखळीत एक कडी वाजत नव्हती. तिचं नाव मंदा.

मंदा ढिवराची. आईबाप वैनगंगेपलीकडे मजुरीला, ती आजोबांजवळ राहायची. कवडू तिच्या आजोबांचं नाव. ती उंचीनं लहान आणि येणारी सगळ्यात उशिरा, म्हणून मी तिला साखळीच्या शेवटी बसवलं होतं. 'सो डू आय' तिच्यापर्यंत धडधडत यायचं आणि तिथं थांबायचं. ती उभी राहायची, समोरच्याकडे डोळे लावून पाहायची आणि गप्प. मी म्हणायचो, "मंदा, म्हण ना." ती गप्प. दोन-चारदा छडी खाल्ली तिनं माझ्या हातून. लिहायलाच बसलोय तर तेही लिहितो.

आणि मधूनच एखाद्या दिवशी ती बोलायची. कुणी म्हणालं, 'आय लाइक रेन', सगळे 'सो डू आय' म्हणत शेवटी आले की ती उठून म्हणायची, "आय डोन्ट." अगदी स्वच्छ. त्या दिवशी तिच्या घरात पाणी शिरलेलं असायचं. मला प्रश्न पडायचा. हिला येतं तरी किती? 'नाही' म्हणता येतं, तर 'हो' का म्हणता येत नाही? हा प्रश्न मी तीस वर्षांहून जास्त काळ सोबत वागवला आहे.

शिक्षणखात्याचे नवे साहेब शाळा पाहायला येणार असं कळलं, तेव्हा हेडमास्तर मला म्हणाले, "गुरुजी, तुमची ती साखळी दाखवू साहेबांना."

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या मनात एक धाकधूक होती. आमच्या वर्गाचं आढं, म्हणजे सगळ्या कवेलूंचा भार पेलणारं ते मधलं आडवं लाकूड, आतून किडलेलं होतं. वारा सुटला की त्यातून पिवळा भुसा गळायचा. दुरुस्ती करून घ्या असं वरून आलं होतं, आणि दुरुस्ती झाली असं हेडमास्तरांनी वर कळवूनही टाकलं होतं. उन्हाळ्यात करून घेऊ, असा त्यांचा विचार होता. मला हे माहीत होतं. भुसा माझ्या टेबलावरही पडायचा. मी तो फुंकून द्यायचो.

साहेब आले. तरुण होते, हसतमुख. मुलांनी पाठ करून ठेवलेली वाक्यं म्हटली. 'आय लाइक माय स्कूल' सुरू झालं आणि भिंतीला धरून गोल फिरून आलं. मंदाला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, उद्या तरी म्हण. ती काही बोलली नाही. साखळी तिच्याआधीच तोडून मी दुसरं वाक्य सुरू करत होतो.

साहेबांना इतकी मजा वाटली की ते म्हणाले, "मी पण येऊ का साखळीत?" आणि टेबलाजवळ उभे राहून त्यांनी वाक्य टाकलं, "आय डोन्ट सी एनी प्रॉब्लेम इन धिस स्कूल."

न शिकवलेलं वाक्य. पण पहिल्या मुलानं झटकन हमाल पकडला, "नीदर डू आय." दुसरा, "नीदर डू आय." मी आनंदानं पाहत होतो. सव्वीस मुलं एकामागून एक न चुकता म्हणाली. शेवटून दुसरा प्रभाकर होता, तोही म्हणाला. साखळी आता तोडायला हवी हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

मंदा उभी राहिली.

"आय डू," ती म्हणाली.

साहेब हसले. "यू डू? व्हॉट डू यू सी?"

तिच्याजवळ शब्द नव्हता. आढ्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मी शिकवलं नव्हतं. तिनं हात वर केला आणि बोट दाखवलं. साहेबांची मान वर व्हायला लागली. हेडमास्तर खाकरले. त्या खाकरण्यात जे होतं ते मला कळलं, आणि मी बोललो.

"सर, चुकलं तिचं. नकाराचं वाक्य आलं की ही मुलगी गोंधळते. तिला 'नीदर डू आय' म्हणायचं होतं."

साहेबांची मान परत खाली आली. "होतं असं सुरुवातीला," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिला म्हटलं, "म्हण, नीदर डू आय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बोट खाली घेतलं. गप्प राहिली. मी म्हटलं, "बस खाली."

त्या दिवशी त्या वर्गात ऐकून, पाहून, विचार करून इंग्रजी बोललेली एकच मुलगी होती, आणि तिचं चुकलं असं तिच्या इंग्रजीच्या शिक्षकानं सांगितलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित विसरलो असतो. पण जाताना साहेब म्हणाले, चंद्रपूरच्या एका निवासी शाळेत सातवीनंतर मुलं घ्यायची आहेत, तुमच्या शाळेतून एक हुशार नाव पाठवा, प्रत्येक विषयाच्या शिक्षकाच्या शेऱ्यासह. गणितात मंदाच्या जवळपास कुणी नव्हतं. नाव तिचंच गेलं. फॉर्म माझ्यासमोर आला, तेव्हा हेडमास्तर खुर्ची ओढून बसले.

"गुरुजी, इंग्रजीत काय लिहिणार?"

मी म्हटलं, "तिला येतं हो सर."

"येतं असं लिहिलंत, तर साहेब म्हणतील, मग त्या दिवशी ती बरोबरच बोलली होती. मग वर काय होतं, ते पाहायला येतील. माझं जे व्हायचं ते होईल, पण साहेबांसमोर बोललात ते तुम्ही."

मी लिहिलं, 'इंग्रजी : समज कमी. समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ लक्षात येत नाही.' खाली सही केली.

जागा दुसऱ्या शाळेच्या मुलाला मिळाली. उन्हाळ्यात आढं बदललं. शाळा उघडली तेव्हा वर नवं लाकूड होतं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मंदा तेव्हा शाळेत नव्हती. सातवी झाली आणि ती तलावावर जायला लागली.

पुढे माझी बदली बल्लारपूरला झाली. तिथं मी गिरणीतल्या काही कामगारांची संध्याकाळची शिकवणी घ्यायचो. एक चाळिशीचा गृहस्थ 'सो' आणि 'नीदर' फार मन लावून शिकला. शेवटी वही मिटताना म्हणाला, "सर, सायबाले हो म्हनाचं समजलं. सायबाले तुमचं चुकून राह्यलं म्हनाचं असन तर?"

मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही."

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मला मंदाचं वर गेलेलं बोट दिसलं. मग ते दिसतच राहिलं. निवृत्त झालो, मुलं आपापल्या गावी गेली, चंद्रपुरात घर केलं, तरी दिसत राहिलं. या अंकाच्या संपादकांनी 'मास्तर, नोकरीतलं काही लिहा' म्हटलं, तेव्हा मी हेच लिहायला घेतलं. चार पानं झाली. बायकोनं ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"हे आता काऊन लिहून राह्यले तुमी?"

"मनावर ओझं आहे म्हणून."

"तुमचं ओझं उतरन. अन् तिचं? लोकाले सांगाच्या आधी तिले जाऊन सांगा ना."

मी म्हटलं, "ती तिथे असेल की नाही, काय माहीत."

"जाऊन पाह्यलं का कधी?" ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तर या उन्हाळ्यात सावलीपर्यंत एसटीनं आणि पुढे ऑटोनं मी त्या गावाला गेलो. शाळेवर आता सिमेंटचं छत आहे. ढिवरांच्या वस्तीत विचारलं, तर एक म्हातारी म्हणाली, "मंदा? तलावावर हाये जी. आज मोठं जाळं लागलं."

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरतं, तेव्हा अख्खी वस्ती मिळून मोठं जाळं ओढते. मी तिथं अकरा वर्षं राहिलो, पण हे पाहायला कधी गेलो नव्हतो. माझी सुट्टी लागलेली असायची. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढलो. पाण्यात अर्धगोल जाळं पसरलेलं, वरच्या कडेला तरंगे ओळीनं डुलत होते. काठावर बाया-बाप्ये मिळून वीस जण दोर धरून उभे होते. पुढे एक जाडा माणूस हाक द्यायचा, "ओढा रे!" आणि वीस तोंडांतून एकदम उत्तर यायचं, "हो!" दोर एक हात अलीकडे यायचा. "ओढा रे!" "हो!"

त्या जाड्या माणसानं मला पाहिलं आणि दोर सोडून दोन्ही हात वर केले. "अरे, सर! सो डू आय!"

प्रभाकर. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तो म्हणाला, "थांबा सर, एवढं येऊन जाऊ द्या." आणि पुन्हा हाक दिली.

दोराच्या पार शेवटी, सगळ्यांच्या मागे, पाळीवर उंचावर एक बाई उभी होती. केस पिकायला लागलेले, पदर खोचलेला. दोराला तिनं हातही लावला नव्हता. मी जवळ जाऊन म्हटलं, "मंदा, ओळखलंस का?"

तिनं मान वळवली नाही. "ओळखलं जी सर. थोडसे थांबा. आता बोलता नाई येत."

मी थांबलो. खाली हो-हो चाललं होतं. ती तोंड मिटून तरंग्यांकडे पाहत होती. आणि एकाएकी ओरडली, "नाई!"

वीस माणसं जागच्या जागी थांबली. कुणी का म्हणून विचारलं नाही. तिनं हात करून एक तरंगा दाखवला. मला तो बाकीच्यांसारखाच दिसत होता. एक जण पोहत गेला, बुडी मारली, आणि खाली जुन्या झाडाच्या खुंटाला अडकलेलं जाळं सोडवून वर आला. एवढ्या माणसांच्या जोरानं ते ओढलं असतं, तर मधून फाटलं असतं. मंदा पुन्हा गप्प झाली, आणि हो-हो पुन्हा सुरू झालं.

भाकर खायला सगळे मोहाच्या झाडाखाली बसले, तेव्हा मी प्रभाकरला विचारलं, हे काय आहे.

"ते पाह्यनारी हाये सर," तो म्हणाला. "पह्यले तिचा बुढा होता, कवडूबुवा. लहानपनापासून ते त्याच्याच बाजूनं उभी राहे. आमच्या इथी पाह्यनाऱ्यानं हो म्हनाचं नाई, असा कायदाच हाये."

"का?"

"आता पाहा. वीस जन हो-हो करून राह्यले. त्याच्यात तो बी हो म्हनत बसला, तर त्याची नाई ऐकू येईन का कोनाले? तेच्या तोंडात फक्त नाई पाह्यजे."

"आणि सगळं ठीक असलं तर?"

"तर चूप. तो चूप हाये म्हनजे ओढा."

"तो उभा कुठे राहतो?"

"शेवटी. सगळ्याच्या मांगं. तिथूनच दिसते ना सगळं."

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. मीच तिला साखळीच्या शेवटी बसवलं होतं. तिथून, अकरा-बारा वर्षांच्या वयात, ती आमच्या वर्गाची पाहणारी झाली होती. पटलं की गप्प राहायची. दिसलं की बोलायची. तिच्या गप्प राहण्यावर मी छडी मारली होती.

मंदा थोडी बाजूला बसून ओला दोर उलगडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"मंदा, साहेब आले होते, तो दिवस आठवतो?"

"आठवते."

"त्या दिवशी तू बरोबर बोलली होतीस."

"आडं किडलं होतं, ते? ते तर होतंच."

"तेही. पण मी इंग्रजीचं म्हणतोय. तू जे दोन शब्द बोललीस ना, ते अगदी बरोबर होते. तिथं तेच म्हणायचं असतं."

तिचे हात थांबले. "तुमी तर चुकलं म्हनलं होतं सर."

"मी खोटं बोललो."

तिनं दोराचा पुढचा पीळ उलगडला. मग म्हणाली, "मले वाटलं माझंच चुकलं. आडं मले दिसत होतं, पन इंग्रजी तर तुमालेच समजे ना. तुमी सर होते. म्हनून मी चूप बसली."

त्या दिवशीची तिची ती गप्प नजर मी इतकी वर्षं हट्ट समजत होतो. तिनं माझं म्हणणं मान्य केलं होतं.

मग मी फॉर्मचं सांगितलं. शेरा शब्दन् शब्द सांगितला, तो मला पाठ आहे. सांगताना मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं राहून गेलं असतं.

"माही पोरगी दहावीत होती," मंदा म्हणाली. "इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली माह्यापाशी. मी म्हनली, मले नोको विचारू बाई, माह्या डोक्यात ते उलटं बसते. असं सरानंच सांगतलं होतं." तिनं माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तीस वर्सं लागले जी तुमाले? दोन शब्द सांगाले?"

"हो."

"काऊन लागले?"

ती रागानं विचारत नव्हती. राग होता, पण त्याच्या आत खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "घाबरलो होतो. आधी हेडमास्तरांना, मग लोकांना. नंतर तुला."

"मले एकटीले मोहाखाली सांगून का होते?" ती उठली. "सायबापुढं म्हनलं होतं तुमी. वर्गापुढं म्हनलं होतं. साहेब नाई, पन वर्ग तर इथीच बसून हाये भाकर खात. अन् ते कागदावर लिहलं होतं ना? मंग कागदावर बी लिहा."

तो फॉर्म आता कुठे सापडायचा? म्हणून हा कागद. मंदानं नाव घालायला परवानगी दिली आहे, आणि शेरा मी इथं बदलून लिहितो : इंग्रजी उत्तम. समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ वर्गात फक्त हिच्या लक्षात येतो.

तिनं हाक मारून सगळ्यांना गोळा केलं. त्यात माझ्या वर्गातले सात जण निघाले, चार बाप्ये, तीन बाया. ते गोल बसले. मी उभा राहिलो, जसा टेबलाजवळ उभा राहायचो. सगळं सांगितलं.

प्रभाकरनं तंबाखू मळायचं थांबवलं. "सर, आडं तर आमाले बी दिसत होतं. भुसा माह्या पाटीवर बी पडे."

"मग तू 'नीदर डू आय' का म्हणालास रे?"

"भेव वाटलं ना जी. हेडमास्तर मांगं उभे होते."

"मी पण घाबरलो होतो," मी म्हणालो.

"मी बी," प्रभाकर म्हणाला.

त्याच्या शेजारचा म्हणाला, "मी बी सर." त्याच्या पलीकडची बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मी बी जी." असं ते एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. कुणाला घाई नव्हती, कुणी पाठ केलेलं म्हणत नव्हतं. माझ्या साखळीचा जो एकच नियम होता, तो पहिल्यांदाच पाळला जात होता. सरकत सरकत ते शेवटी आलं. शेवटी मंदा बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. ती गप्प राहील असं मला वाटलं.

"मी नाई," मंदा म्हणाली, आणि उठून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.